पोतं आपटायचं नाही

काम सुरू करण्याआधीच माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला गुच्छ. अध्यक्षांनी भाषणात मला 'धडाडीच्या' म्हटलं. माझी धडाडी तोवर कुणी पाहिली नव्हती, मीसुद्धा नाही. त्याआधी बरीच वर्षं मी अकोल्यात एका ऑफिसात बसून बियाण्यांची माहितीपत्रकं लिहीत होते. माझ्या हाताखाली एक स्टेपलर होता आणि तोही मनात आलं तरच काम करायचा.

आता माझ्या हाताखाली शेतकऱ्यांच्या एका कंपनीचं केंद्र आलं होतं. मंगरूळपीरच्या बाहेर पत्र्याची लांबलचक शेड, आत सोयाबीनचं बियाणं साफ करून त्याची प्रतवारी करणारी मशीन, आणि वीसेक माणसं. शेतकऱ्यांकडून माल यायचा, मशीनमधून निघायचा, नव्या पोत्यांत भरून शिवला जायचा आणि त्याची थप्पी लागायची. मग सरकारी माणूस नमुना नेई आणि प्रयोगशाळा निकाल देई. शंभर दाण्यांतले सत्तर उगवले तर ते बियाणं, नाहीतर तेलाच्या गिरणीचा माल. लागोपाठ दोन हंगाम आमचा माल गिरणीत गेला होता.

सत्कार आटोपल्यावर कंपनीच्या अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन संचालक मंडळाचा ठराव सांगितला. यंदाही बियाणं नापास झालं तर मशीन विकायची आणि शेड खताच्या व्यापाऱ्याला भाड्याने द्यायची. म्हणजे वीस घरांचं हंगामाचं काम बंद, आणि माझंही. हे आधी का सांगितलं नाही, असं विचारावंसं वाटलं होतं. पण हातात नारळ असला की माणूस भांडत नाही. ही प्रथा कुणी विचार करूनच पाडली असावी.

दुसऱ्या दिवशी मी चौकशी सुरू केली. बियाणं नापास का होतं?

मशीन चालवणाऱ्या मिस्त्रींनी आधी मशीनवर हात फिरवला आणि मग उत्तर दिलं. "मॅडम, मशीनवर इल्जाम लावू नका. बेकसूर हाय ते. माल घ्याच्या वक्तीच ओला घेता, मंग मशीन काय करन?"

पोत्यांची तोंडं शिवणाऱ्या बायकांची म्होरकी होती, तिला सगळे ताई म्हणत. गावालगत तिच्या घरचा भाजीचा मळा होता. सकाळी बाजारात मेथी-पालक उतरवून ती कामावर यायची आणि बाजारातला आवाजही सोबत घेऊन यायची. "मिस्तरी चाळणी बदलत नाई वेळेवर. फुटका दाना सारा आत येते. ते नाई सांगनार तुमाले."

हमालांचे मुकादम भिंतीला टेकून सुपारी कातरत होते. "शेतकरीच तसा माल आनते. आमचं काय, आमी त निरे पोते उचलतो."

मी त्या काळात पुढारपणावरची पुस्तकं वाचत होते. त्या पुस्तकांत माणसं सतत टेबलाभोवती बसून एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात. आमच्याकडे टेबल एकच होतं, त्यावर वजनकाटा होता. तरी मी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं आणि भाषण केलं. आपण एक कुटुंब आहोत, असं म्हणाले.

"घरी हाय तेच कुटुंब सोसवत नाई मॅडम," ताई म्हणाली. "हे अजून एक कायले?"

सगळी शेड हसली. मीही हसले, कारण तिचं म्हणणं पुस्तकापेक्षा पटण्याजोगं होतं. मग मी 'आपलं ध्येय' असा एक फलक रंगवून घेतला. आठवड्याच्या आत त्याच्या खिळ्याला जेवणाच्या पिशव्या लटकायला लागल्या. निदान खिळ्याचा तरी उपयोग झाला.

खरी गोष्ट मला दिसली ती एका दुपारी. तोवर ती रोजच डोळ्यांसमोर होती. मुकादमांनी खांद्यावरचं पोतं थप्पीवर टाकलं. टाकलं म्हणजे काय, कमरेतून एक हलका झोल दिला, खांदा खाली केला आणि पोतं हवेतून जाऊन आपल्या जागी बसलं. धप्प! कोपऱ्याला कोपरा जुळलेला. पुन्हा हात लावायची गरज नाही. मागून दुसऱ्या हमालाने टाकलं ते तिरकं पडलं, आणि मुकादम न वळताच म्हणाले, "ढिला आवाज आला बे. सरळ कर." माणूस आवाजावरून पोतं कसं पडलं ते ओळखत होता. तालुक्यात अशी थप्पी कुणाची लागत नाही, असं लोक सांगत, आणि ते खरं होतं.

आणि मला एकदम आठवलं की माहितीपत्रकात एक ओळ मीच पुन्हा पुन्हा लिहिली होती: सोयाबीन बियाण्याची पोती आपटू नयेत. दाण्याचं साल पातळ असतं, आतला कोंब अगदी कडेला असतो, आपटला की आतल्या आत मरतो, वरून दाणा चकचकीत दिसतो. हे मी लिहिलं होतं, पण त्याचा आवाज कधी ऐकला नव्हता. धप्प! धप्प! धप्प! मला घाम फुटला, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की जागच्या जागी उडी मारायचीच काय ती बाकी होती. कारण सापडलं होतं! तेही अकोल्याहून कुणाला न बोलावता!

गंमत अशी की हे सगळ्यांना माहीत होतं. आपापल्या घरचं सोयाबीनचं बियाणं कुणी आपटत नव्हतं. मुकादमांना मी विचारलं, "तुमच्या घरी पेरणीचं पोतं असं टाकता?"

"नाई नाई. घरी हळूच ठेवतो. बियानं असते ते."

"आणि हे?"

"हा माल हाय."

इथे वाद संपायला हवा होता, पण वादाला आपलं कर्तव्य कळत नाही. मुकादम सुपारी थुंकून म्हणाले, "मॅडम, पोतं फेकाचं नाई त काय कडेवर घ्याचं?"

"अंगाई बी म्हना वाटल्यास," ताई मागून म्हणाली.

मुकादमांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. एखाद्याला त्याचं चुकतं आहे हे सांगणं सोपं असतं. इथे मला ज्या माणसाला थांबवायचं होतं तो शेडमधला सगळ्यात चांगला कारागीर होता आणि त्याला त्याची कारागिरीच सोडायला सांगायची होती. पुस्तकांमध्ये यावर प्रकरण नव्हतं.

मी म्हटलं, "माझं ऐकू नका. दाण्यालाच विचारू."

एकाच पोत्यातलं बियाणं दोन पोत्यांत भरलं. एक मुकादमांनी नेहमीप्रमाणे थप्पीवर टाकलं, पुन्हा काढलं, पुन्हा टाकलं, जसं ते हंगामात इकडून तिकडे हलताना होतं. दुसरं दोघांनी धरून अलगद ठेवलं. दोन्हींतले शंभर-शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीने मांडले, गुंडाळी केली, सुतळी बांधली. एका गुंडाळीला लाल चिंधी, एकीला पांढरी. घरोघरी पेरणीआधी करतात तोच प्रयोग. आम्ही तो केंद्रात कधी केला नव्हता, कारण केंद्रात प्रयोगशाळेचा निकाल यायचा, आणि निकाल म्हणजे आपल्याला कुणीतरी कळवायची गोष्ट, असं सगळ्यांचं मत होतं.

त्यानंतरचे दिवस! मी वाशिमला खोली घेतली होती, तिथून पहिल्या बसने यायला लागले. मला वाटायचं मीच आधी पोचेन, पण शेडच्या दाराशी ताई पालकाची रिकामी टोपली घेऊन उभी असायची आणि मिस्त्री गोणपाटावर पाणी शिंपडून मोकळे झालेले असायचे. "उघडू का जरासं? कोपरा फक्त?" "हात नोको लावू बाप्पा!" ज्यांनी माझ्या भाषणात जांभया दिल्या होत्या ते सगळे दोन ओल्या गुंडाळ्यांभोवती उकिडवे बसलेले. मुकादम तेवढे लांब असायचे, पण त्यांची मान तिकडेच.

ठरलेल्या सकाळी मी सुतळी सोडली. पांढऱ्या चिंधीचं गोणपाट उलगडलं आणि आतून कोंबांची दाट रांग उभी राहिली, पांढरीशुभ्र, एकमेकांत गुंतलेली. बायका ओरडल्याच. मग लाल चिंधी. तिथे मधूनमधून मोकळ्या जागा, कुजलेले दाणे, वाकडेतिकडे कोंब. मोजायची गरज नव्हती तरी मिस्त्रींनी मोठ्याने मोजलं. साठही भरले नाहीत.

मुकादम जवळ आले, बसले, एक मेलेला दाणा बोटावर घेऊन पाहिला. "हे तुमी मांडलं," ते म्हणाले. "पोतं तुमी निवडलं. म्या निवडलेल्या पोत्यावर करा."

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मी जवळजवळ टाळी वाजवली, कारण पहिल्यांदाच कुणीतरी निकालावर शंका घेऊन पुन्हा तपासा म्हणत होतं. "करा ना. सगळं तुम्हीच करा. मी हातसुद्धा लावत नाही."

त्यांनी पोतं निवडलं, दाणे स्वतः मोजले, चिंध्या बांधल्या. या खेपेला ते सगळ्यांच्या आधी यायला लागले. निकाल तोच आला.  मुकादम उठून आपल्या माणसांना म्हणाले, "आजपासून कोनी पोतं फेकलं त माह्याशी गाठ हाय."

म्हणणं सोपं होतं. करायला गेल्यावर कामाची पार गती गेली. दोघांनी धरायचं, वाकायचं, ठेवायचं. हमाल कुरकुरायला लागले. थप्पी छातीच्या वर न्यायची नाही, असा नियम मी केला, कारण खालच्या पोत्यांवर भार येतो. त्यामुळे जागा अपुरी पडायला लागली. माणसं चिडचिडी झाली. मला पुन्हा भाषण करण्याची तीव्र इच्छा झाली, पण ती मी दाबली.

तोड ताईने काढली. शिवणयंत्रावर ती थप्पीकडे पाठ करून बसायची. एक दिवस मागे पोतं जरा जोरात टेकलं आणि ती न वळता ओरडली, "आयकू आलं!"

"काय आयकू आलं?" एक हमाल म्हणाला.

"पोतं. बियान्याची झोप मोडली. चहा पाज आता सगळ्यायले."

त्या दिवसापासून खेळच सुरू झाला. ताईला आवाज ऐकू आला की टाकणाऱ्याने चहा पाजायचा. हमाल मांजराच्या पावलांनी यायला लागले. मुकादम तर असे ठेवायचे की मी समोर उभी असूनही मला कळायचं नाही. "आलं का आयकू?" ते विचारायचे. "काय, पोतं ठेवलं काय तुमी?" ताई खोटं आश्चर्य दाखवायची, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वीच्या धप्पच्या वेळचं तेच समाधान दिसायचं. गती परत आली. मिस्त्रींनीही कुणी न सांगता चाळणी बदलली. वर मला म्हणाले, "बदलाची होतीच मले. ताई म्हनते म्हून नाई बदलली."

मीही बदलत होते, पण ते मला कळलं नव्हतं. मी सूचना देताना 'जमल्यास', 'शक्य असेल तर' म्हणायचं सोडलं होतं. एका शेतकऱ्याचा ओला माल मी दारातूनच परत पाठवला, आणि संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की मी कुणाला विचारलंही नव्हतं.

नमुना घ्यायला माणूस येणार त्याच्या आदल्या दिवशी अध्यक्षांचा निरोप आला. जिल्ह्यातले एक मोठे पुढारी जेवण करून इकडूनच जाणार होते, तर केंद्रावर त्यांचा सत्कार ठेवला होता. अध्यक्षांना सत्काराशिवाय करमत नसे. ते बॅनर घेऊन आले, शेडमध्ये नजर फिरवली आणि थबकले.

"मॅडम, हे काय? थप्पी एवढीशी? मागं पहाडासारखी थप्पी पाह्यजे फोटोत! ए मुकादम, चढवा रे वरती. पत्र्याले लागली पाह्यजे. अर्ध्या घंट्यात पाहुणे येतात."

अर्ध्या तासात पत्र्यापर्यंत थप्पी. म्हणजे फेकाफेकी. सगळी मेहनत, सगळा हंगाम, आणि उद्याचा नमुना त्याच पोत्यांतून. मुकादमांच्या खांद्यावर एक पोतं होतं. ते तसेच उभे राहिले. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहून विचारलं, "मॅडम, चढवू का नोको?"

हमाल जागच्या जागी थांबले. शिवणयंत्रही थांबलं. ज्यांनी मला नेमलं ते समोर उभे होते आणि विचारलं मला जात होतं.  लहानपणी झाडावरून विहिरीत उडी मारण्याआधी वाटायचं तसं मला वाटलं.

"नको," मी म्हणाले. "एकही पोतं वर जाणार नाही."

"मॅडम, पाहुणे..."

"पाहुणे फोटो काढून जातील. बियाणं मेलं तर शेड खतवाल्याला जाईल. तुमचाच ठराव आहे."

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार एवढ्यात मुकादम खांद्यावरचं पोतं अलगद खाली ठेवून म्हणाले, "साहेब, पहाडच पाह्यजे ना? कुटाराचा लावतो."

कुटार म्हणजे सोयाबीनचा भुसा. शेडच्या मागे त्याच्या पोत्यांचा ढीगच होता. मी अट घातली की ती पोती बियाण्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला लावायची. अध्यक्षांनी घड्याळ पाहून मान हलवली. आणि मग हमालांनी जी फेकाफेकी केली! कित्येक आठवड्यांचा उपास सुटल्यासारखे ते पोती उडवत होते. मुकादमांनी तर दोन्ही हातांनी. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. बघता बघता पत्र्याला टेकलेला भुशाचा पहाड उभा राहिला, त्यापुढे बॅनर, त्यापुढे खुर्च्या.

पाहुणे आले. शाल झाली, श्रीफळ झालं. पाहुणे भाषणाला उठले, वाशिम जिल्ह्याची काळी माती, तिचं पिवळं सोनं, असं म्हणत त्यांनी मागच्या पोत्यावर जोरात थाप मारली. हात मनगटापर्यंत आत गेला. शिवण उसवली आणि भुशाचा लोट त्यांच्या नव्या शालीवर बसला. पाहुण्यांनी खोकून घेतलं, बोटांत भुसा चोळून पाहिला आणि माईकवरच म्हणाले, "अध्यक्ष, हे सोनं लय हलकं हाय हो."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले. "कुटार आहे, साहेब. फोटोसाठी. बियाणं तिकडे आहे, छातीएवढ्या थप्प्यांत. त्याहून उंच लावलं, आपटलं, तर उगवत नाही. म्हणून मी लावू दिलं नाही."

क्षणभर काय होईल सांगता येत नव्हतं. मग पाहुणे हसले. "मंग फोटो तथी काहून नाई काढत?"

सगळी वरात तिकडे निघाली. खुर्च्या उचलल्या, बॅनर उचललं. आणि अध्यक्षांनी माईक हातात घेऊन सांगितलं की कमी उंचीची थप्पी ही मुळात त्यांचीच संकल्पना आहे. मला त्यांचं मनापासून कौतुक वाटलं. इतक्या वेगाने शिकणारा माणूस आमच्या शेडमध्ये दुसरा नव्हता.

नमुने गेले. निकाल यायला वेळ होता, पण थांबवेना, म्हणून आम्ही आपल्याच गोणपाटाच्या गुंडाळ्या लावत राहिलो आणि सकाळी सकाळी त्या उघडून कोंब मोजत राहिलो. कधी सत्तरच्या वर, कधी नेमके काठावर. मिस्त्री काठावरचा एखादा अशक्त कोंबही जमेत धरायचे आणि ताई तो उपटून बाहेर काढायची. "प्रयोगशाळावाला तुह्या मामाचा पोरगा हाय काय?"

निकाल फोनवर आला तेव्हा दुपारची जेवणं चालली होती. मी उभी राहिले आणि वाचत गेले. फेकणं थांबण्याआधी मशीनमधून निघालेला, आपटून झालेला पहिला लॉट नापास होता. तो वाचताना सगळ्यांचे घास थांबले. पुढचा पास. त्याच्या पुढचा पास. त्यानंतर काय वाचलं ते कुणालाच ऐकू आलं नाही, कारण मिस्त्री मशीनचा भोंगा वाजवत होते, बायका एकमेकींना मिठ्या मारत होत्या, आणि मुकादम, जे कधी कुणाच्या पाया पडत नसत, ते छातीएवढ्या थप्पीवर डोकं टेकवून उभे होते. मी तो फोन हातात घेऊन शेडभर धावले. का धावले ते सांगता येणार नाही. जायचं कुठेच नव्हतं.

अध्यक्षांचा फोन आला. मशीन विकायची नाही, शेड द्यायची नाही, आणि माझा सत्कार ठेवायचा आहे. मी म्हटलं, सत्कार नको, पुढच्या हंगामासाठी पोती सरकवायला लोखंडी घसरगुंडी पाहिजे. ते म्हणाले, तिचं उद्घाटन ठेवू. मी म्हटलं, ठेवा.

बियाणं न्यायला केनवडकडून पहिला ट्रक आला. ट्रकसोबत तिकडचेच हमाल होते. चांगली दणकट माणसं. त्यांच्यातल्या एकाने आमच्या थप्पीवरचं पोतं खांद्यावर घेतलं, ट्रकपाशी गेला, आणि कमरेतून तोच ओळखीचा झोल द्यायला लागला.

"ओ ओ ओ!" मुकादम, मिस्त्री, ताई, झाडून सगळे एकदम ओरडले. तो माणूस दचकून तसाच अर्धा वळलेला थांबला.

"काय झालं बाप्पा?"

"फेकू नोको! बियानं हाय ते!" मुकादम धावले. त्यांच्या मागून बायका. मीही पदर खोचला आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडत धावले.